हवालदाराचा पोरगा डॉन कसा झाला? ‘बंबई मेरी जान’च्या मागचा इतिहास

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. मी बोलतोय जळगाव जामोदवरून. खान्देशातलं जळगाव नाही हं, सातपुड्याच्या पायथ्याचं, बुलढाणा जिल्ह्यातलं. आम्हाला रेल्वे पकडायची तर आधी नांदुरा गाठावं लागतं. पण मुंबईचं अंडरवर्ल्ड? ते प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. स्टेटसला, रीलच्या मागच्या डायलॉगमध्ये, सगळीकडे ‘भाई’च भाई.

म्हणून आजचा विषय ‘बंबई मेरी जान’. १४ सप्टेंबर २०२३ ला प्राइम व्हिडिओवर आलेला दहा भागांचा सीझन. आधार हुसैन झैदींच्या ‘डोंगरी टू दुबई’ या पुस्तकाचा. के. के. मेनन झालाय इस्माईल कादरी, इमानदार पोलीस. अविनाश तिवारी त्याचा मुलगा दारा, जो पुढे शहराचा डॉन होतो. नावं बदललीत, पण दारा म्हणजे कोण, हे सांगायला लागत नाही.

खऱ्या गोष्टीतला बाप म्हणजे इब्राहिम कासकर. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं मुमके, नोकरी मुंबई पोलिसांत हवालदाराची. त्यांचा मुलगा दाऊद, जन्म १९५५ चा.

सीझन आपल्याला काय सांगतो? बाप इमानदार, घरात खायचे वांधे, म्हणून पोरगा बिघडला. बघताना पटतं, मलाही पटलं. पण थोडं थांबून विचार करा. त्या काळात मुंबईत असे किती हवालदार असतील! पगार सगळ्यांचाच तुटपुंजा. त्यांची पोरं कारकून झाली, ड्रायव्हर झाली, पोलीसही झाली. म्हणजे नुसत्या गरिबीने डॉन तयार होत नाही. मग कशाने होतो?

पहिलं कारण कायद्यात सापडतं. १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदी कायदा झाला. दारू बंद झाली, पिणारे बंद झाले नाहीत. हातभट्टीवर वरदराजन मुदलियार मोठा झाला. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि साध्या माणसाला सोन्याची बिस्किटं घरात ठेवायलाही बंदी झाली. पण आपल्याकडे सोन्याशिवाय लग्न होतं का? दुबईत सोनं स्वस्त, इथे महाग. मधला फरक तस्कराच्या खिशात. गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान याच फरकावर श्रीमंत झाला. दाऊद या तयार बाजारात उतरला, तो बाजार त्याने बनवला नव्हता. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि सोन्याच्या तस्करीतली जुनी मजा गेली. खंडणी, सुपारी हे धंदे मात्र तोवर चांगले रुजले होते.

दुसरं कारण गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आपल्या वऱ्हाडात कापूस पिकतो, त्यामुळे गिरणीचा भोंगा थांबणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. संपाने टोळ्या जन्माला घातल्या असं म्हणता येणार नाही, त्या आधीपासून होत्या. पण गिरणगावात घराघरांत चूल थंडावली आणि टोळ्यांना रिकामी पोरं मिळाली. दगडी चाळीतला अरुण गवळी हाही गिरणीत काम केलेलाच.

आता कुटुंबाकडे येऊ. १२ फेब्रुवारी १९८१ ला दाऊदचा मोठा भाऊ साबीर याला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या. त्यात पठाण टोळीसोबत मन्या सुर्वे होता. पुढे ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात पोलिसांनी मन्याला मारलं. १९८३ मध्ये पठाण टोळीच्या अमीरजादाला भर कोर्टात गोळी घातली गेली. अशी बदल्याची साखळी सुरू झाली. मालिकेला हीच साखळी लागते, कारण त्यात रडणारी आई असते, भावाचा मृतदेह असतो. आपण नकळत त्या घराच्या बाजूने उभे राहतो.

पण साखळीची पुढची कडी ऐका. २६ जुलै १९९२ ला दाऊदच्या बहिणीचा, हसीनाचा, नवरा मारला गेला. गवळी टोळीने मारला. बदला म्हणून १२ सप्टेंबर १९९२ ला दाऊदची माणसं जे. जे. हॉस्पिटलमध्ये घुसली. तिथे उपचार घेत असलेला गवळीचा माणूस शैलेश हळदणकर मेला. आणि त्याच्या पहाऱ्यावर असलेले दोन पोलीस शिपाईही मेले.

दोन पोलीस शिपाई, मंडळी. म्हणजे इब्राहिम कासकरांसारखेच, खाकी घालून ड्युटीवर गेलेले. त्यांच्याही घरी कोणी तरी जेवायला वाट बघत असेल. बदला कुटुंबासाठी होता असं म्हणायचं, आणि मेली बापाच्याच खात्यातली माणसं.

सहा महिन्यांनी, १२ मार्च १९९३ ला मुंबईत १२ बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसं गेली, ७०० हून जास्त जखमी झाली. शेअर बाजारातले कारकून, रस्त्यावरचे फेरीवाले, बसमधले प्रवासी. त्यांचं टोळीयुद्धाशी काय घेणंदेणं होतं? दाऊद या खटल्यातला फरार आरोपी आहे.

माझं म्हणणं ‘सीझन बघू नका’ असं नाही. बघा, के. के. मेननने बापाचं काम मस्त केलंय. फक्त बघताना एक हिशोब ठेवा: कॅमेरा कोणाच्या घरात जातो आणि कोणाच्या दारावरूनच परत फिरतो. डॉनच्या आईचं दुःख आपल्याला दहा भाग दाखवतात. जे. जे.मधल्या त्या दोन शिपायांच्या आयांचं दुःख दाखवायला कोणी दहा मिनिटं देतं का?

तुमच्या नात्यात कोणी काका, मामा पोलिसांत असतील तर त्यांना त्या काळाबद्दल विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. तोवर, राम राम!