कापलेला दंड की दिलेली सवलत?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गाडीचा विमा उतरवताना फारसे काही करावे लागत नाही. शोरूममधला माणूस किल्लीबरोबरच विम्याचा कागद हातात ठेवतो आणि आपण सही करून मोकळे होतो. त्या कागदाची खरी ओळख होते ती विमा मुदतीआधी रद्द करायची वेळ आली की. समजा, परगावी बदली झाली, गाडी विकली आणि घेणाऱ्याने आपल्या नावाने वेगळा विमा काढला. आपण वर्षाचे सहा हजार भरलेले, सहा महिने उलटलेले. म्हणजे तीन हजार परत मिळणार, असा साधा हिशेब घरात झालेला असतो. पण आपल्या देशात कितीतरी वर्षे अशा माणसाच्या हातात अठराशे रुपयांचा चेक पडत असे. 'हे बाराशे कसले कापले?' असे विचारले, की कंपनीच्या टेबलापलीकडून उत्तर येई, 'कापले काहीच नाही, कोष्टकाप्रमाणे एवढेच बसतात.'

वरवर पाहता हे दोन्ही बाजूंचे शब्दांचे खेळ वाटतात, पण तसे नाही. ग्राहक ज्याला दंड म्हणत होता, त्याला कंपनी मनापासून सवलत समजत होती. हा मतभेद अडीचशे वर्षांचा जुना आहे आणि त्याची सुरुवात मोटारीने नव्हे, शिडाच्या जहाजांनी झाली.

अठराव्या शतकात लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड नावाचे सरन्यायाधीश होते. व्यापारी कायद्याचा बराचसा पाया त्यांच्या निकालांवर उभा आहे. त्यांच्यापुढे १७६१ मध्ये एक खटला आला. एका जहाजाचा लंडन ते कॅनडातील हॅलिफॅक्स असा विमा उतरवला होता. दिवस युद्धाचे होते, त्यामुळे पोर्ट्समथ बंदरापासून पुढे जहाजाने आरमारी संरक्षणाच्या ताफ्याबरोबर जायचे अशी अट होती. जहाज पोर्ट्समथला पोहोचले तेव्हा ताफा निघून गेला होता. पुढची जोखीम विमेवाल्यांवर आलीच नाही. मग पुढचे पैसे त्यांनी का ठेवावेत? मॅन्सफिल्ड यांनी पैसे परत करायला लावले. जी जोखीम घेतलीच नाही तिचा मोबदला ठेवता येणार नाही, असे त्यांनी सांगितले.

इथवर ऐकून आपल्याला ते ग्राहकांचे कैवारी वाटू लागतील. पण १७७७ मध्ये त्यांच्यापुढे दुसरे जहाज आले. याचा विमा सलग बारा महिन्यांचा होता आणि अमेरिकनांनी जहाज पकडले तर भरपाई नाही, असे त्यात लिहिले होते. नेमके दोनेक महिन्यांत एका अमेरिकन खासगी लढाऊ जहाजाने ते पकडले. भरपाई तर मिळणार नव्हतीच. मालकाने उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे मागितले. मॅन्सफिल्ड यांनी ते नाकारले. बारा महिन्यांचा करार हा एकच करार आहे, त्याचे महिन्यागणिक तुकडे पडत नाहीत. जोखीम एकदा सुरू झाली की प्रीमियम विमेवाल्याचा झाला, असा तो निकाल.

मोटारीच्या विम्यातील सारी कटकट या दुसऱ्या निकालाच्या पोटात आहे. कारण हे तत्त्व मानले, तर विमा घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो मोडणाऱ्यालाही एक पैसा परत मागण्याचा हक्क उरत नाही. जे काही परत मिळते ते पॉलिसीत तसे कलम घातले आहे म्हणून, म्हणजेच कंपनीने कबूल केले आहे म्हणून. कंपनीचे अधिकारी सवलत म्हणत ते यामुळे.

आता आपल्याकडे येऊ. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो, सक्तीचा केला. ती सक्ती प्रत्यक्षात आली १ जुलै १९४६ पासून. इथे मोटारीचा विमा जहाजाच्या विम्यापासून वेगळा झाला. जहाजाच्या करारात दोघेच असत. मोटारीच्या करारात रस्त्याने चालणारा तिसरा माणूसही आला. त्याची कुठे सही नसते, पण विमा रद्द झाला तर नुकसान त्याचे होते. म्हणून मोटारीचा विमा मोडताना केवळ पैशांचा हिशेब पुरत नाही. तीच गाडी दुसरीकडे विमा उतरवलेली आहे याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी अनेकांना हेलपाटे पडले आहेत, पण ही अट मला रास्त वाटते.

१९६८ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि दर ठरवणारी टॅरिफ समिती कायद्याने स्थापन झाली. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १०७ विमा संस्थांच्या चार कंपन्या झाल्या: मुंबईची न्यू इंडिया, कलकत्त्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि मद्रासची युनायटेड इंडिया. दारे चार, पण दर एकच. टॅरिफमध्ये लिहिलेल्या दरात कुणी सूट द्यायची नाही, वाढही करायची नाही. ग्राहकाने वाद घालायचा तरी कुणाशी? समोरच्या कारकुनाला एक रुपया इकडेतिकडे करण्याची मुभा नव्हती.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार टॅरिफमधले कोष्टक असे होते. ग्राहकाने महिन्याभरात विमा मोडला तर कंपनी वर्षाच्या प्रीमियमचे २० टक्के ठेवणार. दोन महिन्यांपर्यंत ३० टक्के, तीनपर्यंत ४०. असे दर महिन्याला दहा-दहा टक्के चढत सहा महिन्यांना ७० आणि आठ महिन्यांना ९० टक्के. आठ महिन्यांवर एक दिवस गेला की पूर्ण प्रीमियम कंपनीचा. याला 'शॉर्ट पिरियड'चे दर म्हणत. शिवाय काही झाले तरी किमान शंभर रुपये कंपनीकडे राहणार आणि मुदतीत एखादा क्लेम झाला असेल तर परतावाच नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. एजंटचे कमिशन, स्टॅम्प, कागदपत्रे हा खर्च पहिल्याच दिवशी होतो. दुसरे म्हणजे, कोष्टक नसते तर मे महिन्यात कोकणात जाण्यापुरता विमा घेऊन जूनमध्ये मोडणारे महाभागही निघाले असते. पहिल्या महिन्याला २० टक्के ठेवणे यात मला तरी फार अन्याय दिसत नाही. पण आठ महिन्यांनंतरचे काय? सहा हजारांतले जवळजवळ दोन हजार रुपये अशा चार महिन्यांचे, ज्यांत कंपनीवर कसलीच जोखीम नाही. कमिशन आणि स्टॅम्प यांचे कारण इथे लागू पडत नाही.

आणि त्याच कलमात आणखी एक गोष्ट होती. कंपनीने स्वतः सात दिवसांची नोटीस देऊन विमा रद्द केला, तर परतावा दिवसांच्या सरळ प्रमाणात. ग्राहकाने सात दिवसांची नोटीस दिली तर कोष्टकाप्रमाणे. कमिशनचा खर्च तर दोन्ही वेळा झालेलाच असतो! एकाच पॉलिसीत, एकाच वाक्याच्या दोन टोकांना ही दोन मापे छापलेली होती, पण पॉलिसीमागचा बारीक मजकूर वाचतो कोण?

एका बाबतीत टॅरिफ ग्राहकाच्या बाजूने होते आणि ते फार थोड्यांना ठाऊक होते. कर्ज देणारी बँक एक विमा उतरवते, शोरूमवाला दुसरा. एकाच गाडीचे दोन विमे होतात. दोन्ही एकाच कंपनीच्या दोन शाखांतले असतील, तर नंतरचा रद्द करून त्याचे सगळे पैसे परत, असा नियम होता. कंपन्या वेगवेगळ्या असतील तर नंतरच्या विम्याचा परतावा दिवसांच्या प्रमाणात, शॉर्ट पिरियडने नव्हे. हे कलम दाखवून आग्रह धरणाऱ्याला नकार देणे कंपनीला कठीण जाई.

तसेच एजंटचे. १९६८ च्या त्याच दुरुस्तीत असे कलम आहे की विमा रद्द झाल्यावर निघणारा परतावा कंपनीने थेट विमाधारकालाच चेकने किंवा मनीऑर्डरने द्यायचा, एजंटच्या खात्यात तो कदापि जमा करायचा नाही. कायद्यात मनीऑर्डरचा उल्लेख करण्याची वेळ का आली असावी, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

पुढे वाद घालायला जागा झाल्या. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विम्याला 'सेवा' मानले. १९९८ च्या नियमांनी विमा लोकपाल आले. भरलेल्या किंवा देय प्रीमियमबद्दलचा वाद त्यांच्याकडे नेता येऊ लागला, तोही वकिलाशिवाय आणि फीशिवाय. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. पण लोकपाल झाले तरी पॉलिसीत लिहिलेलेच वाचणार. कोष्टक चुकीचे लावले, तारीख चुकवली, चेक महिनोन्‌महिने अडवला, अशा तक्रारींना तिथे अर्थ होता. कोष्टकच अन्यायाचे आहे, या तक्रारीला नव्हता.

१ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले. कंपन्या सवलतींच्या जाहिराती करू लागल्या. पॉलिसीतले रद्द करण्याचे कलम मात्र जसेच्या तसे राहिले. फक्त टॅरिफच्या कोष्टकाऐवजी 'कंपनीचे शॉर्ट पिरियड दर' आले. स्पर्धा विमा विकताना झाली, मोडताना नाही.

बदल झाला तो ११ जून २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाने. किरकोळ ग्राहक आता कारण न सांगता केव्हाही विमा रद्द करू शकतो. पॉलिसी वर्षभरापर्यंतची असेल आणि क्लेम झालेला नसेल, तर उरलेल्या काळाचे पैसे सरळ प्रमाणात परत मिळतात. अनेक वर्षांच्या पॉलिसीत, जी वर्षे सुरूच झाली नाहीत त्यांचे पैसे परत मिळतात. उलट कंपनीला मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय विमा रद्द करता येत नाही, आणि तेव्हाही किमान सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. सहा महिन्यांनी सहा हजारांचे तीन हजार, हा घरात मांडलेला हिशेब अखेर नियमात उतरला.

भांडायला काहीच उरले नाही असे मात्र नाही. थर्ड पार्टीचा भाग आजही नुसत्या इच्छेवर मोडता येत नाही. दुसरा विमा असल्याचा किंवा गाडी पूर्ण निकामी झाल्याचा पुरावा लागतो. आणि ती क्लेमची अट. कुणी दुसऱ्या महिन्यात पुढची काच बदलून दोन हजारांचा क्लेम घेतला असेल आणि चौथ्या महिन्यात विमा मोडला, तर आठ महिन्यांच्या परताव्यावर त्याला हक्क सांगता येत नाही. १७७७ च्या त्या जहाजमालकाला मिळालेले उत्तर या गाडीमालकाला आजही ऐकावे लागते.