तलाव कोणाचा?

मंडळाच्या गेल्या हिवाळ्यातील सहलीत आपण घोडाझरी तलाव पाहिला. त्यावर स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. सृष्टिशोभेचे वर्णन माझ्या लेखणीला पेलणारे नाही; पण त्या दिवशी एक प्रश्न मनात शिरला, तो आपणांपुढे ठेवते.

मूल, सिंदेवाही मागे टाकून आपण नागभीडकडे गेलो. डोंगरांच्या कुशीतले ते विस्तीर्ण पाणी दिसताच आपल्यातील एक भगिनी हात जोडून म्हणाली, "देवाने काय सरोवर घडविले आहे!" पाळीवर जाळे सोडवीत बसलेली एक ढिवरीण हसली. "देवानं नाई बाई, मानसानं बांधला."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. घोडाझरीचा बांध इंग्रजी अमदानीतला. पण तलाव बांधण्याची या भागाची परंपरा त्याहून फार जुनी. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा चांद्याच्या गोंड राजांचा शिरस्ता सांगतात. अशा देणगीला 'तुकूम' म्हणत. आपल्या शहरातील तुकूम वस्तीत जाताना हा शब्द आता मला निराळा ऐकू येतो. कोहळी लोक या कामात निष्णात. उतार पाहून त्यांनी पाळी घातल्या, धानाला पाणी सोडण्यासाठी तुडुम केले, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग ठेवला. मासळी धरावी ती ढिवरांनी.

पुढे मालगुजारी आली आणि तलाव मालगुजाराचा झाला. १९५१ साली मालगुजारी गेली. बहुतेक तलाव सरकारजमा झाले. माझे माहेर असेच एक मालगुजारी घर. हक्क गेल्यावरही कित्येक वर्षे पहिली मोठी मरळ आमच्या दारी येई. मी ती 'आमच्या तलावाची' म्हणून कौतुकाने खाल्ली. आणून देणाऱ्या बाईला घरातून दाम मिळत होते की नाही, हे मी कधी विचारले नाही. आज ते आठवून लाज वाटते.

पाळीवरच्या त्या बाईने आणखी एक गोष्ट सांगितली. पाऊस कमी झाला की धानासाठी तलाव उपसला जातो. पाणी तळाला गेले की मासळी संपते. शेतकऱ्याचे पीक वाचते, ढिवराची चूल विझते. दोघांचीही गरज खरी. पण संस्थेने ठेका भरलेला असतो, तो काही परत येत नाही. २०१८ साली घोडाझरी अभयारण्य झाले, तेव्हा जंगलाचाही या पाण्यावर हक्क आला. "तुमी पानी पायता, आमी पान्यात पोट पायतो," ती म्हणाली.

आणि भगिनींनो, निघताना आपण काय केले? तिच्याशी मासळीच्या भावावरून घासाघीस केली! मीही त्यात होते.

घोडाझरी दूर आहे. पण गोंडकालीन रामाळा तलाव तर आपल्या शहरातच आहे. त्याच्या शुद्धीकरणासाठी २०२१ साली उपोषण करावे लागले. तलाव कोणाचा, याचे उत्तर कागदावर काहीही असो. ज्याने बांधला, ज्याने राखला आणि जो त्यावर जगतो, त्यांना आधी विचारावे, एवढे मी त्या पाळीवर शिकले. पुढल्या सहलीत तिने सांगितलेला भाव मुकाट्याने द्यावा, अशी सूचना मी मंडळापुढे ठेवते.