निसरड्या रस्त्यावरील अग्रचक्र चालन

अग्रचक्र चालन म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनाची शक्ती केवळ पुढील दोन चाकांना पोहोचविणारी रचना होय. बोली व्यवहारात व गाड्यांच्या माहितीपत्रकांत हिला ‘फ्रंट व्हील ड्राइव्ह’ असे म्हणतात. भारतात आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान मोटारी व सेडान गाड्या याच रचनेच्या आहेत. बर्फ, चिखल, ओले डांबर अशा कमी घर्षणाच्या पृष्ठभागावर या गाड्या जागेवरून हलण्यात व सरळ चढ चढण्यात पश्चचक्र चालनाच्या, म्हणजे मागील चाकांना शक्ती देणाऱ्या, गाड्यांपेक्षा सामान्यतः सरस ठरतात. मात्र थांबण्याच्या व वळण्याच्या बाबतीत त्यांना तसा कोणताही विशेष लाभ नसतो. हा फरक लक्षात न आल्याने निसरड्या रस्त्यावर चालकाला खोटा आत्मविश्वास वाटतो व अपघात संभवतात.

रचना

अग्रचक्र चालनाच्या गाडीत इंजिन, गिअरपेटी व भेददंतचक्र हे तिन्ही भाग पुढे, बॉनेटखाली एकत्र बसविलेले असतात. इंजिन बहुधा आडवे असते. मागच्या आसापर्यंत जाणारा लांब दांडा लागत नाही, त्यामुळे वजन व खर्च कमी होतो आणि प्रवाशांच्या पायाखालची जागा सपाट राहते. गाडीत एकटा चालक असताना एकूण वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढील चाकांवर येतो.

बैलगाडीची उपमा येथे उपयोगी पडते. बैल पुढे असतात व गाडी मागून येते. अग्रचक्र चालनाची मोटारही अशीच पुढून ओढली जाते. पश्चचक्र चालनात मात्र गाडी मागून ढकलली जाते. ओढलेली वस्तू ओढणाऱ्याच्या मागे सरळ येऊ पाहते, तर मागून ढकललेली वस्तू निसरड्या जागी आडवी फिरू पाहते.

इतिहास

१९३४ साली फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ ही अग्रचक्र चालनाची गाडी आणली. नावाचा अर्थच ‘पुढून ओढ’ असा आहे. १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेल्या, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचना केलेल्या ‘मिनी’ गाडीने आडव्या इंजिनाची मांडणी लोकप्रिय केली. स्वीडनसारख्या हिमाच्छादित देशात साब कंपनीने आपली पहिली मोटार अग्रचक्र चालनाचीच काढली. साब ९६ ने १९६२ व १९६३ साली, तर मिनी कूपरने १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. हिवाळ्यात आल्प्स पर्वतातील बर्फाळ घाटांतून जाणाऱ्या या शर्यतीमुळे लहान इंजिनाची पण पुढून ओढली जाणारी गाडी बर्फात टिकाव धरते, ही गोष्ट जगापुढे आली.

भारतात अँबॅसडर व मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्या पश्चचक्र चालनाच्या होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि अग्रचक्र चालन सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचले. १९९० सालची मारुती १००० ही याच रचनेची सेडान होती. पुणे जिल्ह्यात पिंपरी येथील टाटा इंडिका (१९९८) व तिच्यावर आधारित इंडिगो सेडान (२००२), तसेच चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन व्हेंटो (२०१०) या गाड्याही अग्रचक्र चालनाच्याच होत. याउलट बारामती येथील पियाजिओच्या कारखान्यात तयार होणारी आपे तीनचाकी मागील चाकांवर चालते.

भौतिक तत्त्व

चाक जमिनीला किती जोराने ढकलू शकेल हे दोन गोष्टींवर ठरते : त्या चाकावरील भार आणि टायर व पृष्ठभाग यांमधील घर्षणांक. घर्षणांकाची ढोबळ मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

- कोरडे डांबर : सुमारे ०.७
- ओले डांबर : सुमारे ०.५
- दाबला गेलेला बर्फ : सुमारे ०.२
- गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर : ०.१ किंवा त्याहून कमी

दाबलेल्या बर्फावर चढ चढण्याचा हिशेब यावरून मांडता येतो. पुढील चाकांवर ६० टक्के वजन असलेली गाडी आपल्या वजनाच्या ०.६ × ०.२ म्हणजे १२ टक्के इतकी ओढ निर्माण करू शकते. म्हणजे १०० मीटर अंतरात १२ मीटर उंची गाठणारा चढ ही तिची सैद्धांतिक मर्यादा होय. मागील चाकांवर ४५ टक्के वजन असलेल्या पश्चचक्र गाडीची मर्यादा ९ मीटर, तर चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीची २० मीटर येते. प्रत्यक्ष चढावर वजन थोडे मागे सरकत असल्याने पहिला आकडा किंचित घटतो व दुसरा किंचित वाढतो.

मागच्या आसनावर तीन माणसे व डिकीत सामान भरले की चित्र बदलते. पुढील चाकांवरील भार ५० टक्क्यांच्या जवळ येतो व अग्रचक्र गाडीची मर्यादा १० मीटरपर्यंत उतरते. त्याच वेळी पश्चचक्र गाडीची मागील चाके अधिक भारामुळे घट्ट पकड घेऊ लागतात. रिकामी असताना सहज चढलेली सेडान सहकुटुंब प्रवासात त्याच चढावर अडते, याचे कारण हेच आहे.

थांबण्याचे अंतर

ब्रेक चारही चाकांना लागतात. म्हणून शक्ती पुढे जाते की मागे, याचा थांबण्याच्या अंतराशी जवळजवळ संबंध नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ब्रेक पूर्ण लागल्यानंतर, सपाट रस्त्यावर वरील घर्षणांकांनुसार पुढील अंतरात थांबते :

- कोरडे डांबर : सुमारे ९ मीटर
- ओले डांबर : सुमारे १३ मीटर
- दाबलेला बर्फ : सुमारे ३१ मीटर
- काचेसारखा थर : सुमारे ६३ मीटर

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरल्यास या प्रत्येक अंतरात आणखी ११ मीटर मिळवावे लागतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. सहज निघालेली व न घसरता धावणारी गाडी तितक्याच सहजतेने थांबेल, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

वळणावरील वर्तन

अग्रचक्र गाडीत पुढील चाकांना दोन कामे करावी लागतात : गाडी ओढणे व तिला दिशा देणे. टायरची एकूण पकड ही ठरावीक रकमेसारखी असते. ती ओढण्यात अधिक खर्च झाली की वळविण्यासाठी कमी उरते. बर्फावर वळताना प्रवेगक जोराने दाबल्यास पुढील चाके जागीच फिरू लागतात आणि सुकाणू वळवूनही गाडी सरळ, वळणाच्या बाहेरच्या बाजूस जाते. अशा वेळी सुकाणू आणखी वळविणे निरुपयोगी असते. प्रवेगकावरील दाब हळूहळू कमी करून व सुकाणू थोडे सरळ करून चाकांना पुन्हा पकड घेऊ देणे हाच उपाय असतो.

याउलट वळणाच्या मध्यावर पाय एकदम काढून घेतल्यास किंवा जोराने ब्रेक लावल्यास वजन पुढे झुकते, मागील चाके हलकी होतात व गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करणे इष्ट असते.

टायर व साखळ्या

बर्फात कोणती चाके चालतात यापेक्षा टायर कोणते आहेत हे अधिक महत्त्वाचे ठरते. नेहमीच्या टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते व त्याच्या पृष्ठभागावरील बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. नेहमीच्या टायरवरील चारचाकी चालनाची गाडी आणि हिवाळी टायर लावलेली अग्रचक्र सेडान यांत थांबण्याच्या व वळण्याच्या बाबतीत दुसरी अधिक सुरक्षित असते. असे टायर चारही चाकांना लावावे लागतात. ते केवळ पुढे लावल्यास मागील चाके आधी घसरून गाडी फिरण्याचा धोका वाढतो.

कॅनडातील क्यूबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात असे टायर वापरणे बंधनकारक आहे. जर्मनीत हिवाळी परिस्थिती असलेल्या रस्त्यांवर ते आवश्यक आहेत. महाराष्ट्रातून या देशांत स्थायिक झालेल्या कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात हा नियम शिकावा लागतो. भारतात हिवाळी टायर क्वचितच दिसतात. हिमाचल प्रदेश व काश्मीर येथे चाकांना लोखंडी साखळ्या बांधण्याची पद्धत आहे. अग्रचक्र गाडीत साखळ्या पुढील चाकांना बांधतात आणि त्या बांधल्यावर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो.

सेडानची आणखी एक मर्यादा तिच्या कमी उंचीची आहे. बहुतेक सेडान गाड्यांचा तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटरच्या आसपास असतो. बर्फाचा थर त्याहून जाड असला की गाडीचे पोट बर्फावर टेकते, चाकांवरील भार कमी होतो आणि ती जागीच फिरतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठते, एवढाच काय तो अपवाद. तरीही वरील तत्त्वांचा प्रत्यय येथे दोन प्रसंगी येतो.

पहिला प्रसंग ओल्या काळ्या मातीचा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या बारामती व इंदापूर तालुक्यांत काळी, चिकण माती मोठ्या प्रमाणावर आहे. हा भाग पर्जन्यछायेत येतो व परतीच्या पावसाचा जोर सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये असतो. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणद्रव्य पाणी शोषून फुगते; वरचा थर साबणासारखा निसरडा होतो. बर्फ व ही माती यांत एक फरक आहे. टायरच्या खाचांत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला काही अंशी धरतो. चिकण माती मात्र खाचा बुजवून टायर गुळगुळीत करून टाकते. त्यामुळे शेतरस्त्यावर सेडान काही फुटांतच अडकू शकते. वापसा येईपर्यंत गाडी शेताच्या वाटेवर न घालणे हा येथील अनुभवसिद्ध नियम आहे. ट्रॅक्टरची मागील चाके मोठी, जड व खोल दात्यांची असल्याने ती खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात. मोटारीला ती सोय नाही.

माळेगाव बुद्रुक येथे माळेगाव सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर व त्यांच्या ट्रॉल्या शेतातील चिखल चाकांबरोबर बारामती–नीरा मार्गासारख्या डांबरी रस्त्यांवर आणतात. पहाटेच्या दवाने किंवा अवकाळी पावसाने हा थर भिजला की वरून साधा दिसणारा रस्ता एकाएकी निसरडा होतो. पांढरा बर्फ लांबून दिसतो, डांबरावरचा ओला चिखल अंधारात दिसत नाही; म्हणून चालकाला येथे पूर्वसूचना कमी मिळते. दुचाकीस्वारांना तर हा धोका अधिकच असतो.

दुसरा प्रसंग पर्यटनाचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनाली व लाहौल यांना जोडणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि पूर्वी हिवाळ्यात बंद राहणारा हा प्रदेश मोटारींच्या आवाक्यात आला. मैदानी प्रदेशातील टायर लावलेल्या सेडान गाड्या तेथे थेट बर्फावर येतात. हिमवर्षाव झाल्यावर पोलीस अनेकदा केवळ चारचाकी चालनाच्या किंवा साखळ्या बांधलेल्या वाहनांनाच पुढे सोडतात.

चालनविषयक दक्षता

- सुरुवात दुसऱ्या गिअरमध्ये, प्रवेगक अगदी हलका दाबून करावी. चाके जागीच फिरू लागल्यास थांबावे. फिरणारे चाक खड्डा अधिक खोल करते.
- अडकलेल्या गाडीच्या पुढील चाकांखाली वाळू, मुरूम, गोणपाट किंवा गाडीतील पायपुसणे घालावे. ऊसपट्ट्यात पाचटाचा उपयोग करता येतो. चाक फिरत असताना त्यासमोर कोणी उभे राहू नये.
- पुढील वाहनापासूनचे अंतर कोरड्या रस्त्याच्या तुलनेत चौपट किंवा अधिक ठेवावे.
- उतारावर खालचा गिअर आधीच घ्यावा. तो एकदम टाकल्यास इंजिनाचा अवरोध केवळ पुढील चाकांवर येऊन ती घसरू शकतात व दिशेवरील ताबा सुटतो.
- टायरच्या खाचांची खोली पाहावी. भारतात मोटारींसाठी १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. पाऊस व बर्फ यांसाठी त्याहून बरीच अधिक खोली असणे हितावह होय.

चाके न अडकू देणारी ब्रेक प्रणाली, म्हणजे ‘एबीएस’, भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक आहे. ती ब्रेक लावतानाही सुकाणूवर ताबा राखते. परंतु भुसभुशीत बर्फावर थांबण्याचे अंतर तिच्यामुळे काही वेळा वाढते. कोणतीही प्रणाली पृष्ठभागावर नसलेले घर्षण निर्माण करू शकत नाही.

मूल्यमापन

सपाट व मध्यम चढाच्या रस्त्यावर, बेताच्या जाडीच्या बर्फात, योग्य टायर लावलेली अग्रचक्र चालनाची सेडान पुरेशी सक्षम असते. उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेतील असंख्य कुटुंबे संपूर्ण हिवाळा अशाच गाड्यांवर काढतात. तीव्र चढ, जाड थर, पूर्ण भरलेली गाडी किंवा नेहमीचे टायर यांपैकी एकही गोष्ट आड आली की तिची मर्यादा लवकर गाठली जाते. पुढून मिळणारी ओढ हा तिचा गुण निघण्यापुरता व चढण्यापुरता आहे. थांबणे आणि वळणे हे सर्व गाड्यांप्रमाणे तिलाही टायर, वेग व चालकाचा संयम यांवरच साधावे लागते.

हेही पाहा

- घर्षण
- मोटारगाडी
- काळी मृदा
- अटल बोगदा
- माळेगाव बुद्रुक