प्रल्हाददादांचा आवाज नेमका कोणाचा?

दरवर्षी 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ गेटसमोर मराठवाडाभरातून भीमसैनिक येतात. पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी असते, कर्ण्यांवर भीमगीते वाजत असतात. त्यात लोकगायक प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज लगेच ओळखू येतो. गणेशोत्सव आला की याच शहरातल्या मंडळांमध्येही तोच आवाज घुमतो. म्हणून काही तरुण आम्हाला विचारतात की, 22 प्रतिज्ञा मानणाऱ्या समाजाने देवाची गाणी गाणाऱ्याचा गौरव का करायचा?

प्रश्न प्रामाणिक आहे. पण उत्तर देण्याआधी इतिहास पाहावा लागेल.

प्रल्हाददादांचा जन्म 1933 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचा. वेस बांधताना चोखोबा ज्या गावात भिंतीखाली गाडले गेले, तेच हे गाव. आईवडील भजन-कीर्तनात गायचे. त्यांच्यासोबत फिरतानाच दादांचा गळा तयार झाला. जवळच्या पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले झाले 1947 साली, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. दादा तेव्हा चौदा वर्षांचे होते. म्हणजे ज्या देवळाच्या वाटेचे गाणे त्यांनी पुढे घराघरांत पोहोचवले, त्याचे दार त्यांच्या लहानपणी त्यांच्या माणसांना बंद होते! आज ते गाणे ऐकून डोलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

दादांना संगीत शिकवायला कोणते विद्यालय आले नाही. मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत मागे कोरस देता देता ते शिकले. चळवळीत 1930 च्या दशकापासून भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे होतेच. पुढच्या पिढीने त्याला कव्वालीची जोड दिली. ही निवड सहज झालेली नाही. कव्वालीत ओळ पुन्हा पुन्हा येते, कोरस ती उचलतो, टाळी ताल धरते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही दोन-तीन फेऱ्यांत विचार पाठ होतो. रात्रभर चालणाऱ्या सामन्यात मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या मजुरापर्यंत शब्द पोहोचवायला वरच्या पट्टीतला, न थकणारा गळा लागतो. दादांकडे तो होता. कवींनी लिहिलेला भीम त्यांनी वस्तीवस्तीत नेला. पुढे कॅसेट स्वस्त झाली आणि ज्या घरात पुस्तक नव्हते तिथेही बाबासाहेब पोहोचले.

आता मूळ प्रश्न. लोककलावंताला ना पगार होता, ना पेन्शन. कंपनी जे रेकॉर्ड करून घेईल त्यावर चूल पेटायची. भक्तिगीतांना बाजार होता, भीमगीतांना समाज होता. दादांनी दोन्ही गायले. प्रतिज्ञा आम्हाला प्रिय आहेत, त्यात तडजोड नाही. देवाची ती गाणी आपल्या कार्यक्रमात लावा, असे आम्ही म्हणत नाही. पण कलावंताची रोजीरोटी न पाहता त्याला कठड्यात उभे करणे हा बाबासाहेबांनी शिकवलेला विवेक नव्हे.

आमचा खरा सवाल प्रस्थापितांना आहे. मांडवात तुम्हाला आवाज चालतो, मग मराठी संगीताचा इतिहास लिहिताना त्या आवाजाच्या भीमगीतांचे पान कोरे का राहते? आवाज घ्यायचा आणि माणूस वगळायचा, ही जुनीच रीत आहे. चोखोबांचे अभंगही गायले गेले, चोखोबा मात्र पायरीशीच राहिले.

आणि एक सवाल स्वतःला. 15 मे 2004 रोजी महाकवी वामनदादा कर्डक गेले, 23 जून 2004 रोजी प्रल्हाददादा. सहा आठवड्यांच्या आत चळवळीने आपला शब्द आणि आपला सूर गमावला. आनंद, मिलिंद, दिनकर या मुलांनी आणि नातू आदर्शने गाणे पुढे नेले. पण आपण काय जपले? नागसेनवनात शिकणाऱ्या तरुणांनो, घरातल्या ट्रंकेत पडलेल्या कॅसेटी बाहेर काढा. कव्हरवर कवी, गायक, वादक यांची जी नावे असतील ती लिहून घ्या, गाणी डिजिटल करा. कव्वालीचे सामने ऐकलेली म्हातारी माणसे अजून आहेत, त्यांना बोलते करा. फीत चिकटून खराब होते, माणसेही कायमची नसतात.

आमचा इतिहास दुसरा कोणी लिहिणार नाही. तो आपणच लिहायचा आहे.

जयभीम!