घाटाचा राजा आणि कायमचा दुसरा

लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला आम्ही खोपोलीत रस्त्याच्या कडेला उभे राहायचो. खोपोली सुटली की बोरघाट लागतो. खंडाळ्यापर्यंत जवळपास पाचशे मीटरची चढण. ती पार करून जो सगळ्यांत आधी वर पोहोचेल, तो ‘घाटाचा राजा’. पुण्यात पहिला येणारा वेगळाही असू शकतो. पण आमच्या घरी प्रश्न एकच असायचा, “राजा कोण झाला?”

रेमों पुलिदोर या फ्रेंच सायकलपटूबद्दल पुढे वाचलं, तेव्हा हा प्रश्न नव्याने कळला. शेतमजुरी करणाऱ्या घरातला हा मुलगा १९६० मध्ये व्यावसायिक झाला आणि १९७७ पर्यंत खेळला. १९६१ची मिलान-सान रेमो त्याने जिंकली, १९६४ची स्पेनची व्हुएल्टाही. पण टूर द फ्रान्स? १४ वेळा उतरला, तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला. आघाडीवीराची पिवळी जर्सी मात्र एक दिवसही अंगावर चढली नाही.

१२ जुलै १९६४. प्यूई द दोमच्या चढावर पुलिदोर आणि जाक आंक्तील खांद्याला खांदा लावून चढत होते. शेवटच्या टप्प्यात पुलिदोरने आंक्तीलला ४२ सेकंदांनी मागे टाकलं. तरीही पिवळी जर्सी आंक्तीलकडेच राहिली, अवघ्या १४ सेकंदांनी. पॅरिसमध्ये तो ५५ सेकंदांनी जिंकला. फ्रेंच लोकांनी जीव लावला तो मात्र पुलिदोरला, लाडाने ‘पुपू’ म्हणत. २०१९ मध्ये तो गेला. दोनच वर्षांनी त्याच्या नातवाने, मॅथ्यू व्हॅन डर पूलने, पिवळी जर्सी घातली.

बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना याच धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका. गोळी घालणाऱ्या साहेबाचं नाव इथे कुणी घेत नाही. शिंगरोबापुढे मात्र आजही ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात.

शर्यतीतली मोठी टोळी निघून गेली तरी आम्ही थांबायचो. बऱ्याच वेळाने एखादा मागे पडलेला यायचा, घामाने भिजलेला, मान खाली घातलेला. समोर अख्खा घाट असायचा. त्याच्यासाठीही आम्ही टाळ्या वाजवायचो, तो वळणाआड जाईपर्यंत.