अर्धी गाडी

मागच्या दसऱ्याला पूजा आटोपल्यावर, फियाटच्या बॉनेटवर हळदीकुंकू लावता लावता, माझ्या लेकीने विचारले, "बाबा, ही आता देऊन टाकायची का?"

प्रश्न अनपेक्षित नव्हता. जामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या कमानीखाली एकच गाडी मावते, आणि ती जागा १९७३ सालापासून फियाटने अडवली आहे. लेक गच्चीबावलीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. स्वतःच्या कमाईतून तिने नवी गाडी ठरवली होती. गाडी म्हणजे स्पोर्ट्‌स कार. दोनच आसने, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, बटण दाबले की छप्पर मागे दुमडणार. किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला. फियाट भंगारात काढल्याचा दाखला दिला तर नव्या गाडीच्या करात काही सूट मिळते, तेलंगण सरकारने २०२४ साली तसे धोरण काढले आहे, हेही तिने शोधून ठेवले होते.

मी म्हटले, "भंगारात घालता येणार नाही. ती अर्धी आपली नाही."

तिला हे कुणी सांगितलेच नव्हते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना इतिहास शिकवला, पण घरातला इतिहास सांगायचा राहून गेला. तो सांगायचा तर १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरुवात करावी लागते.

आमचे घराणे देगलूर तालुक्यातले. वडील शिकायला म्हणून हैदराबादला आले. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी तेव्हा इथल्या मराठी मुलांचा मोठा आधार होती. तिथे शिकून, पुढे वकील होऊन ते जामबागेतच राहिले. काका गावी शेती पाहत. आत्या जुक्कलला दिलेली. तिघे भावंडे एकाच निजामी राज्यात, किंबहुना दोघे तर एकाच तालुक्यात. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्याला दिला, पण त्याला एक कंस जोडला: देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडले, तसेच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडले वगळून. तिकडे आदिलाबादचे किनवट आणि राजुरा मुंबईकडे आले. या अंकाच्या वाचकांना असल्या कंसांचे मोल वेगळे सांगायला नको. आमच्या काकांचे गाव कंसाबाहेर राहिले आणि आत्या कंसात गेली. दिवाळीला माहेरी येताना तिला राज्य ओलांडावे लागू लागले. तिचे मूल मात्र तोवर कधीच कुठले राज्य ओलांडून आजोळी आले नव्हते.

हैदराबादहून देगलूर सुमारे दोनशे किलोमीटर. संगारेड्डी, जोगीपेठ, पिटलम, मदनूर असा रस्ता. जुक्कल जरा आडवाटेला. बस बदलत, पेटी-वळकटी सांभाळत, सलाबतपूरच्या नाक्यावर ताटकळत जाण्यात दिवस मोडे. म्हणून १९६६ साली दोघा भावांनी ठरवले की निम्मे निम्मे पैसे घालून मोटार घ्यायची. काकांचे निम्मे तुरीच्या आणि कापसाच्या पट्टीतून आले. नोंदणी हैदराबादेत केली, कारण वकिलाची ओळखपाळख इथे. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. तेव्हा कागद एकाच्याच नावावर असणे सोयीचे. ते वडिलांच्या नावावर झाले. तोंडी करार असा की सुगीला आणि लग्नसराईत गाडी देगलूरला, एरवी जामबागेत. कागदावर याचे एक अक्षर नाही.

गाडी मिळायला सात वर्षे लागली. आजच्या तरुणांना हे खरे वाटत नाही. त्या काळी देशात मोटारी बनवणारे कारखाने तीनच म्हणावेत असे: कलकत्त्याजवळ अँबेसिडर, मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड आणि मुंबईत कुर्ल्याला फियाट. गाड्यांची किंमत आणि वाटप सरकारी हुकमाने बांधलेले होते. त्यामुळे नव्या गाडीपेक्षा हातात मिळणारी जुनी गाडी महाग, असा उफराटा बाजार होता. रंग निवडणे वगैरे थेर नव्हते. आम्ही नोंदवली ती 'फियाट ११०० डिलाइट'. १९७२ साली तिचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाले, आणि आमच्या दारात आली ती प्रेसिडेंट. पुढच्याच वर्षी ती 'पद्मिनी' झाली. घरात मात्र ती शेवटपर्यंत फियाटच. वडिलांनी जामबागेच्या फूलबाजारातून झेंडूचा एवढा मोठा हार आणला की समोरची काच झाकली गेली. महिनाभरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि पेट्रोल भडकले. काकांचे पत्र आले: गाडी आली हे ऐकून आनंद झाला, ती चालवू नये.

हा कुर्ल्याचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. सोलापूर म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू एका बोळात ऐकू येणारे गाव, म्हणजे ते आपल्यातलेच. मोटारीच्या कारखान्याचे स्वप्न त्यांच्या आधी सर विश्वेश्वरय्यांनी पाहिले. १९३५ साली युरोप-अमेरिकेतले कारखाने हिंडून त्यांनी मुंबईसाठी योजना तयार केली, आणि वालचंदांनी ती उचलून धरली. परक्या सरकारची इच्छा नव्हती, मग युद्ध आले. प्रीमियर कंपनी १९४४ साली निघाली. आधी क्रायसलरच्या डॉज-प्लिमथ जोडल्या, पुढे फियाट. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर येऊन हैदराबाद वाहून गेले, तेव्हा पुढचा पूर अडवण्याची योजना आखायला आलेले हेच विश्वेश्वरय्या. उस्मानसागर आणि हिमायतसागर तलाव त्यातून झाले. मुसी आमच्या घरापासून पायी गाठता येते. म्हणजे आमचे घर कोरडे राहिले ते आणि आमच्या दारात गाडी आली ती, दोन्हींच्या मुळाशी एकच डोके. हे गणित मी वर्गात फार वेळा सांगितले आहे, मुले दर वेळी हसत.

जुनी गाडी न टाकण्याची हैदराबादची सवय मात्र परवान्यांच्या राज्याहून जुनी आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स रॉइस कंपनीकडे सिंहासन बसवलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट मागवली. ती येण्याआधी, १९११ साली, ते वारले. गाडी मुलाच्या, उस्मान अली खानांच्या वाट्याला आली. 'टाइम' साप्ताहिकाने २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ज्याचे चित्र छापले, तो हा गृहस्थ. ती पिवळी गाडी त्यांच्या हयातीत काही शे मैलच फिरली म्हणतात. स्वतः निजाम एका खडखडत्या जुन्या फोर्डमधून किंग कोठीबाहेर पडत, असे आमच्या लहानपणी जुने लोक हसून सांगत. सिल्व्हर घोस्ट आज चौमहल्ला राजवाड्यात काचेआड आहे. लेकीला लहानपणी मीच ती दाखवायला नेले होते. तेव्हा तिने विचारले होते, "मग ते बसायचे कशात?"

आता स्पोर्ट्‌स कारविषयी. माझा खरा आक्षेप आसनांवर होता. आमच्या फियाटला स्टिअरिंगवर गिअर, त्यामुळे पुढचे बाक सलग. पुढे तिघे, मागे चौघे आणि मांडीवर दोन पोरे असे नऊ जण मी त्यात मोजले आहेत, शिवाय डिकीत तुरीचे पोते. दोन आसनांची गाडी म्हणजे माणसाने उघड उघड जाहीर करायचे की आमच्याकडे कुणी येत नाही. पण असा आक्षेप घेताना इतिहासाच्या मास्तराने आधी थोडे वाचावे. जे. आर. डी. टाटांची बुगाटी फार वेगाने हाकल्याबद्दल त्यांच्यावर मुंबईत खटला झाला. त्यांनी जॅक विकाजी नावाचा वकील केला, त्यातून वकिलाच्या पुतणीशी, थेल्माशी, ओळख झाली आणि १९३० साली लग्न. दोन आसने तिथे पुरली.

आपल्याकडे अशी गाडी बनवण्याचे प्रयत्नही झाले, तेही आपल्याच मुलखात. १९९८ साली गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची उघड्या छपराची दोन आसनांची गाडी निघाली. फायबरची बॉडी, रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. म्हणजे आमच्या फियाटच्या १०८९ सीसीपेक्षा जेमतेम थोडे मोठे! दिसायला डौलदार, पण ती फार कुणी घेतली नाही. २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रियांची 'अवंती' आली, तिलाही मोठे आयुष्य लाभले नाही. मला वाटते, कारण तंत्रात कमी आणि घरात जास्त होते. त्या पैशात सगळे घर बसेल अशी गाडी मिळत असताना दोघांसाठी एवढा खर्च करायला माणसाला एकट्याचा निर्णय एकट्याने घेता यावा लागतो. आमच्या पिढीला तो येत नव्हता. हैदराबादेने तर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवरच्या शर्यतीच्या गाड्या पळताना पाहिल्या. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. लेक ती पाहून आली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात हे खूळ होते, असे ती आता सांगते.

एका रात्री मी फियाटमध्ये जाऊन बसलो. या गाडीत चार माणसे शेवटची कधी बसली, ते आठवू लागलो. आठवेना. वडील गेले, काका गेले, आत्या गेली, सात वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. महिन्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून मी एकटाच कोठीपर्यंत चक्कर मारून येतो. घरात माणसे दोन. लेकीने गाडी घरापेक्षा लहान घेतलेली नव्हती.

मिस्त्रींना विचारले. तीस वर्षे त्यांनीच हिचे किंगपिन आणि पिस्टनच्या रिंगा बदलल्या आहेत. ते म्हणाले, "साब, बेचो नक्को. गाडी नै ये, बुजुर्ग है." (हा 'नक्को' आपल्या मराठीतून दखनीत गेलेला, हे जाता जाता.) मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. त्याचे चित्र वर्तमानपत्रातून कापून मिस्त्रींनी दुकानात चिकटवले आहे.

मग देगलूरला चुलतभावाला फोन केला. मनात धाकधूक होती. काका गेल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षे, सुगीला गाडी तिकडे पाठवायचे आम्ही बंद केले होते. मुद्दाम नव्हे, पण बंद केले होते. त्याने कधी विषय काढला नाही. मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "दादा, मी कधी हिशेब मागितला का?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण ज्यात आईला दवाखान्यात नेली ती गाडी भंगारात घालू नका."

वाट कायद्यानेच काढली. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी नवा नियम केला. 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की रोजच्या वापराला गाडी काढायची नाही, प्रदर्शन-फेरीपुरतीच. आमची फियाट २०२३ साली पन्नाशीला पोचली होती. हैदराबादच्या कार्यालयातून ना-हरकत दाखला घ्यायचा आणि चुलतभावाच्या नावावर महाराष्ट्रात नोंद करायची. रोज चालवता येणार नाही म्हटल्यावर तो हसला. "रोज कुठं चालवायची आहे? ओसरीपुढं उभी करायची, संध्याकाळी आत बसून चहा प्यायचा."

लेकीने सूट सोडून दिली. वीस हजारही तिनेच भरते म्हटले, तेव्हा चुलतभाऊ भडकला. शेवटी निम्मे निम्मे ठरले. आंध्र प्रदेशाची जुनी तीन अक्षरे असलेली ती पाटी आमच्याकडे ठेवायची का, हाही वाद झाला. तो चुलतभावाने जिंकला, आणि तेच योग्य होते. १९८९ नंतर आमच्या गल्लीत एपी-९ आले, २०१४ नंतर टीएस, २०२४ पासून टीजी, आणि ही पाटी सगळ्यांना पुरून उरली. पण कागद बदलायचे तर पाटीही उतरणारच, आणि ती ज्याच्या ओसरीवर टांगायची त्याचाच हक्क.

दाखले हाती यायला चार महिने गेले. चुलतभाऊ न्यायला आला, तोवर नवी गाडी कमानीखाली आली होती. फियाट ट्रकवर चढवली, चाकांना दोर आवळले. लेक म्हणाली, "काका, माझ्याबरोबर चला." तो आधी नको नको म्हणाला, मग धोतर सावरत त्या खळग्यात उतरावे तसा आत बसला. तिसरी जागा नव्हती. मी रिक्षाने इमलीबनच्या बसस्थानकावर गेलो आणि देगलूरची एसटी धरली.

मदनूरला बस थांबली तेव्हा ते दोघे चहाच्या टपरीपाशी उभे होते. भोवती वीसपंचवीस पोरे जमली होती. काही तेलुगूत विचारत होती, काही मराठीत, आणि चुलतभाऊ दोन्ही भाषांत उत्तरे देत बटण दाबून छप्पर उघडून दाखवत होता, मिटून दाखवत होता, पुन्हा उघडून दाखवत होता.