एकविसावा रकाना आणि ८५ लाख निळे पडदे

तारीख १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरातल्या विंडोज मशीन्सना एक छोटीशी फाइल पाठवली आणि १०:५७ ला ती मागे घेतली. अवघी ७८ मिनिटं! पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात ८५ लाख मशीन्स आडव्या झाल्या. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून द्यावे लागले.

आता प्रश्न असा, की फाइल मागे घेतल्यावरही मशीन्स का उठेनात?

साधं ॲप चुकलं तर कर्नल ते बंद करतो, बाकी सगळं चालू राहतं. पण कर्नलमध्येच गडबड झाली तर सावरायला वर कोणीच नाही. मग चुकीचा डेटा लिहिण्यापेक्षा तो सगळंच थांबवतो. ही पद्धत जुनी आहे. १९७० च्या दशकातल्या युनिक्समध्ये यासाठी फंक्शन होतं, त्याचं नावच 'पॅनिक'.

क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, तोही मशीन सुरू होतानाच. त्यामुळे मशीन चालू, फाइल वाचली, क्रॅश. पुन्हा चालू, पुन्हा क्रॅश. दुरुस्त फाइल नेटवरून उतरायला बऱ्याचदा सवडच मिळेना.

क्रॅश डंपमध्ये या ड्रायव्हरचं नाव दिसत होतं: त्याने मेमरीत नको तिथे हात घातला होता. पुढे कंपनीच्या तपासात मूळ कारण सापडलं. नियमांच्या साच्यात रकाने २१, पण कोड माहिती पुरवत होता २० चीच. ही चूक फेब्रुवारीपासून तिथेच होती! पण तोवरच्या नियमांत एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असंच होतं, म्हणून तिकडे कोणी डोकावलंच नाही. टेस्टही पास. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा तो रकाना खरोखर वाचायला लावला.

उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जा, २९१ क्रमांकाची फाइल डिलीट करा, रीस्टार्ट करा. पण बहुतेक ठिकाणी हे प्रत्येक मशीनपाशी बसून करायचं होतं, आणि बिटलॉकर असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की टाकून!

नंतर कंपनीने कोडमध्ये रकाने मोजण्याची तपासणी घातली आणि अशा फाइल्सही टप्प्याटप्प्याने पाठवायचं ठरवलं. तुम्ही कोड लिहीत असाल, तर आज तुमच्या टेस्ट उघडून बघा. 'काहीही चालेल' कुठे कुठे लिहिलंय?